मंचावर किती बायका?



या अंकाची आखणी चालू असताना संपादक मंडळात एक विषय निघाला आणि त्याने ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतला. विषय होता शहरातलं नवं गाणं. मंडळात अलीकडे आलेल्या तरुण मैत्रिणी महिन्यातून दोन-तीनदा मुंबईतल्या कुठल्या तरी लहानशा जागेत जातात, शंभरेक माणसांच्या गर्दीत उभ्या राहतात आणि ज्याचं नावही आपण ऐकलेलं नाही अशा बँडचं गाणं ऐकून येतात. यावर आपल्या अंकात लिहायला हवं, असा त्यांचा आग्रह. जुन्या कार्यकर्त्यांचा प्रश्नही साहजिक होता : रेशन आहे, हिंसा आहे, घरकामगारांचं वेतन आहे, यात हे कुठे बसवायचं? चर्चा जसजशी पुढे गेली तसतसं दिसलं, की हा विषय कुठे नेऊन बसवायची गरजच नाही, तो आपल्या जुन्या प्रश्नांच्या मधोमध आधीपासून बसलेला आहे. रात्र कोणाची, रस्ता कोणाचा, कोणाच्या कामाला कला म्हणायचं आणि कोणाच्या कामाला धंदा, हे सगळे प्रश्न त्यात आहेत. म्हणून या वेळचं संपादकीय त्यावर.

आधी थोडं शब्दाबद्दल. ज्याला ही मंडळी ‘इंडी’ म्हणतात ते म्हणजे सिनेमाच्या बाहेरचं आणि मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय केलेलं गाणं. तीन-चार जण एकत्र येतात, स्वतः लिहितात, स्वतः चाली लावतात, पदरमोड करून ध्वनिमुद्रण करतात आणि मिळेल तिथे वाजवतात. शाहिरी, जलसा, लोकनाट्य यांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकींना यात नवं काय, असं वाटेल. वाटणं बरोबरच आहे आणि त्याकडे पुढे यायचं आहे.

नवा बँड सापडतो कसा, हा प्रश्न वरवर अगदी साधा आहे. 1980 आणि 90च्या दशकांत मुंबईत त्याचं उत्तर ठरलेलं होतं. धोबी तलावच्या रंगभवनाच्या उघड्या मंचावर 1986 सालापासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा कार्यक्रम होऊ लागला, तिथे महाविद्यालयांतले बँड वाजवत. काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेट चाळता चाळता कोण कुठे वाजवणार आहे याची बातमी मिळे. 1993 साली अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ नावाचं मासिक निघालं आणि देशभरच्या बँडना एकमेकांची नावं कळू लागली. बाकी सगळा कारभार कानगोष्टींचा. कोणाचा तरी भाऊ ड्रम वाजवतो, कोणाच्या तरी मित्राकडे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उतरवलेली कॅसेट आहे. भाऊ आणि मित्र हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. ही साखळी मुलांच्या वसतिगृहांतून, नाक्यावरच्या टपऱ्यांतून, मोटारसायकलींच्या मागच्या सीटवरून पुढे सरकत असे. मुलीला ती बातमी कळली, तर बहुधा कोणा मुलाकडून कळे, आणि जायचं तर त्याच्याच सोबतीने जावं लागे. म्हणजे गाणं आवडण्याची सुद्धा तिला आधी परवानगी काढावी लागे.

2000 सालचे ध्वनिनियम आले आणि रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरला. रंगभवन त्यात सापडलं आणि तिथलं गाणं थांबलं. (रुग्णालयाशेजारी ढोल नको, हे आपल्यालाही मान्यच आहे, मात्र तोच नियम गल्लीतल्या मंडपांपुढे वाकतो आणि नेमका अशा मंचांपुढे ताठ उभा राहतो, हे पाहून गंमत वाटते.) ऱ्हिदम हाउस 2016 साली बंद झालं. गाणं मग बंद दारांच्या, वातानुकूलित, मद्य देणाऱ्या जागांत गेलं. 2007 साली लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं, तेही 2016मध्ये संपलं. पुण्यात 2010पासून ‘एनएच7 वीकेंडर’चे मोठे मेळे भरू लागले. आता बातमी फोनवर येते, तिकीटही फोनवर निघतं. एका अर्थी हे चांगलं झालं : भावाचा आणि मित्राचा मध्यस्थ गेला. अंबरनाथच्या किंवा नालासोपाऱ्याच्या खोलीत बसून एखादी मुलगी ईटानगरच्या मुलींचा ‘व्हाइनल रेकॉर्ड्स’ हा बँड ऐकू शकते, त्यांना पत्र लिहू शकते. ऐकण्यापुरतं तिचं जग खरोखरच मोठं झालं आहे.

पण प्रत्यक्ष समोर उभं राहून ऐकणं ही गोष्ट वेगळी, आणि ती जिथे होते तिथे पोचायला अजून रात्रच ओलांडावी लागते. कार्यक्रम नऊला म्हणून साडेदहाला सुरू होतो. ज्या नव्या बँडसाठी जायचं तो आधी वाजवतो की शेवटी, हे कोणी नीट सांगत नाही. मध्यरात्र उलटली की लोकल विरळ होतात, एकच्या आसपास शेवटची जाते, आणि पश्चिमेकडून मध्य रेल्वेवर जायचं असेल तर दादरचा पूल पळतच ओलांडावा लागतो. वांद्र्याला राहणारीला रिक्षा आहे. दिव्याला राहणारीने काय करायचं? तिकिटाचे काहीशे रुपये, आत गेल्यावर काही तरी मागवलंच पाहिजे म्हणून त्याचे वेगळे, आणि परतीच्या टॅक्सीचे त्याहून जास्त. घरकाम करणाऱ्या एखाद्या बाईच्या आठवड्याच्या कमाईइतका खर्च एका संध्याकाळी होतो. त्यामुळे शहरातल्या संगीताच्या या जगात मुली वाढल्या असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा त्या कोणत्या स्थानकावर उतरणाऱ्या मुली आहेत हेही विचारायला हवं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक 2011 साली आलं. मुंबईतल्या सार्वजनिक जागा आणि स्त्रिया या विषयावरच्या त्यांच्या काही वर्षांच्या अभ्यासातून ते तयार झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बाईने रस्त्यावर असायला काही तरी सबब लागते. हातात पिशवी हवी, कडेवर मूल हवं, कानाला फोन हवा, निदान घाईत असल्याचा चेहरा तरी हवा. नुसतं असणं, रेंगाळणं, मजेसाठी थांबणं हा हक्क मात्र तिला नाही. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली जे काही दिलं जातं, ते बहुतेक वेळा तिला घरी पाठवण्यासाठीच असतं. चळवळीत आपण रात्रीबद्दल बोललो ते मुख्यतः कामाच्या संदर्भात. रात्रपाळीला वाहन हवं, संमती हवी, ही मागणी आपण केली आणि महाराष्ट्राच्या 2017च्या दुकानं व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी बाईची संमती आणि संरक्षणाची तरतूद या अटी आल्याही. काम करून परतणाऱ्या बाईसाठी आपण भांडू शकतो. गाणं ऐकून परतणाऱ्या बाईसाठी भांडताना मात्र आपलीच जीभ जरा अडखळते, कारण ती कशाला गेली होती या प्रश्नाला ‘मजा वाटते म्हणून’ एवढंच उत्तर आहे. आम्हाला वाटतं, तेवढं उत्तर पुरेसं आहे.

आता मंचाकडे वळू. बँडमध्ये बाई असते ती बहुधा गाणारी. गिटार, बास, ड्रम, की-बोर्ड पुरुषांकडे. आवाजाचं यंत्र सांभळणारा साउंडवाला पुरुष. जागेचा व्यवस्थापक पुरुष. कोणाला बोलवायचं हे ठरवणाराही पुरुष. ही वाटणी आपल्या परंपरेत अनोळखी नाही. शास्त्रीय संगीतात गायिका झाल्या, मोठ्या झाल्या, पण तबला मात्र बाईच्या हाती फार उशिरा आला. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादन केलं तेव्हा ते अप्रूप ठरलं होतं, आणि अनुराधा पाल यांनी 1996 साली ‘स्त्री शक्ती’ हा केवळ बायकांचा तालवाद्यांचा चमू उभा केला तेव्हाही बातमी झाली ती ‘केवळ बायकांचा’ म्हणूनच. गळा देवाने दिला असं म्हणता येतं, वाद्याला मात्र पैसे लागतात, जागा लागते, शेजाऱ्यांची सहनशक्ती लागते आणि रोज दोन तास लागतात. एका खोलीच्या घरात भावाला हे सगळं जमवून दिलं जातं. बहिणीला ड्रम हवा म्हटलं तर आधी लग्नानंतर तो ठेवणार कुठे, हा प्रश्न येतो.

गाणारी म्हणून जी उभी राहते तिचा रस्ता तरी कुठे मोकळा आहे? 1960च्या दशकात मुंबईच्या आणि कोलकात्याच्या रात्रीच्या क्लबांतून लॉर्ना कोर्देरो गात होती. गोव्याच्या या गायिकेची ख्रिस पेरी यांच्या संगीतातली कोंकणी गाणी आजही लग्नाघरी वाजतात. त्यानंतर वीसएक वर्षं तिचा आवाज ऐकू आला नाही. 1995 साली ती ‘हॅलो लॉर्ना’ घेऊन परत आली तेव्हा गोव्यात लोकांनी उत्सव केला. वाद्यवृंदाचा प्रमुख आपल्या कामात राहिला आणि गाणारी मधली सगळी वर्षं गप्प राहिली, एवढंच इथे नोंदवते. त्यामागच्या कहाण्या पुष्कळ सांगितल्या गेल्या आहेत, आणि त्यात तिच्या रियाजाचं, तिच्या मिळकतीचं काय झालं हे विचारणारे कमी. दुसरीकडे मुंबईत वाढलेल्या उषा उथुप 1969 साली चेन्नईच्या नाइटक्लबात उभ्या राहिल्या त्या साडी नेसून, केसांत गजरा माळून. त्यांची ती साडी पुढे त्यांची ओळखच झाली. पण एक गोष्ट लक्षात घ्या : मंचावरचा पुरुष काय घालतो यावर त्याचं चारित्र्य कधीच ठरत नव्हतं, बाईला मात्र कपड्यांतून आधी उत्तर द्यावं लागत होतं. कोणी साडीने दिलं, कोणी झगमगत्या गाउनने दिलं.

आणि आता ज्या गोष्टीमुळे हे संपादकीय लिहायला घेतलं तिकडे येते. शहरातल्या ‘लाइव्ह म्युझिक’चा नकाशा तरुण मैत्रिणींनी आमच्यापुढे मांडला, तेव्हा त्यात वांद्रे होतं, खार होतं, लोअर परळ होतं. त्याच शहरात, त्याच रात्री, शेकडो ठिकाणी वाद्यवृंद वाजत असतो आणि बायका माईक घेऊन गात असतात, ती ठिकाणं त्या नकाशात नव्हती. ती म्हणजे ऑर्केस्ट्रा बार. ठाणे, मीरा रोड, चेंबूर, पनवेल. तिथेही की-बोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, गळ्यावर मेहनत घेतलेल्या मुली आहेत, रात्रभराचं काम आहे. पण तिथे ‘नवा आवाज’ शोधायला कोणी जात नाही. तिथल्या गाणारीला कलावंत म्हणत नाहीत, ‘बारवाली’ म्हणतात.

हा फरक नुसता लोकांच्या बोलण्यात नाही, तो परवान्याच्या कागदावर लिहिलेला होता. 1960 सालचे सार्वजनिक करमणुकीचे नियम आहेत, नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशा हे तिन्ही एका ओळीत आहेत. त्यांखालच्या परवान्यांमध्ये पोलिसांनी एक अट घातली होती : मंचावर एका वेळी आठच कलावंत, त्यांत चार बाया आणि चार पुरुष. पाच गायिका आणि तीन वादक चालणार नाहीत. सगळ्या बायकांचा बँड तर चालणारच नाही. विचार करा, एखाद्या उपनगरातल्या सहा मुलींनी मिळून वाद्यवृंद काढला असता आणि त्यांना परवानाधारक जागेत वाजवायचं असतं, तर केवळ त्या मुली आहेत म्हणून दोघींना घरी बसवावं लागलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने ही अट योग्य मानली होती. बारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 18 फेब्रुवारी 2022 रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या पीठाने ती रद्द केली. एकूण आठची मर्यादा राहिली, पण त्या आठांत बायका किती आणि पुरुष किती हे परवानाधारकाने ठरवावं, अगदी आठही बायका असल्या तरी चालेल. बारमध्ये गाणाऱ्या बायका अमुक एका वर्गातल्याच असणार अशा साचेबंद समजुतीवर ही अट उभी आहे, आणि संरक्षणाचं नाव घेऊन बायकांचा रोजगार काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच न्यायालयाने 2007 साली दिल्लीतली, मद्य दिलं जातं अशा जागी बायकांना नोकरीवर ठेवण्याची बंदी अशाच कारणांनी उठवली होती.

हा निकाल वर्तमानपत्रांत एक दिवस आला आणि गेला. संगीताबद्दल लिहिणाऱ्यांना तो हॉटेलवाल्यांचा खटला वाटला असावा. स्त्री संघटनांतही त्याची फारशी चर्चा झाली नाही, आणि त्याला एक इतिहास आहे. 2005 साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी आणली. त्या वेळी 75 हजार बारबाला हा आकडा सगळीकडे सांगितला जात होता. बंदी लागू झाली ती साध्या बारना, तारांकित हॉटेलांना तिच्यातून सूट होती. तेच नृत्य तिथे संस्कृतीला धोका ठरत नव्हतं. 2006मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, सरकारने 2014 आणि 2016 साली पुन्हा नवे कायदे आणले आणि जानेवारी 2019मध्ये त्यांतल्या अनेक जाचक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. या सगळ्या काळात चळवळ एका बाजूला नव्हती. ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने बारमधल्या बायकांशी बोलून अभ्यास केला, परंपरेने नाचगाणं करणाऱ्या भटक्या जमातींतून कितीजणी इथे आल्या आहेत ते दाखवलं आणि त्यांच्या उपजीविकेच्या बाजूने भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूला, ज्या जातींच्या बायकांवर नाचगाणं लादलंच गेलं त्यांच्यासाठी याला ‘निवड’ म्हणणं ही क्रूर थट्टा आहे, असं अनेक दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी म्हटलं. तो वाद मिटलेला नाही आणि घाईने मिटवू नये असंच आम्हाला वाटतं. पण मंचावर बायका चारच, या अटीने जातीचं ओझं कोणाच्या पाठीवरून उतरत नव्हतं. पाचवीचा रोज मात्र बुडत होता.

या दोन मंचांमधलं अंतर समजून घ्यायला लोअर परळसारखं ठिकाण नाही. ज्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ होतं त्या परिसराला स्वतःचं गाणं होतं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक, भजनी मंडळं, दशावतार, शक्ती-तुरे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. तेही स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं, कंपनीच्या पैशाशिवाय केलेलं गाणंच होतं. 1982च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या, आणि तिथे स्वतंत्र संगीताचं नवं घर झालं तेव्हा त्याच्या दाराशी पहारेकरी उभा होता. आत गाणाऱ्यांचा यात दोष नाही. तरी ‘या शहरात स्वतंत्र संगीताची सुरुवात अमुक साली झाली’ असं कोणी म्हणालं, की विचारावंसं वाटतं, कोणाच्या शहरात?

गेल्या काही वर्षांत हे दार थोडं किलकिलं झालं आहे, आणि ते बाहेरून ढकललं गेलं म्हणून. 2002 साली पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचाची शीतल साठे डफावर गायची तेव्हा कोणी तिला इंडी म्हटलं नाही. 2013 साली तिने विधान भवनासमोर स्वतःला अटक करवून घेतली तेव्हा ती गरोदर होती. जामीन मिळून बाहेर आल्यावर ती पुन्हा गायला लागली. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं राहिलं आणि जानेवारी 2018मध्ये त्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. वस्तीतला मरणाच्या घरचा गाणा हा प्रकार ते मोठ्या मंचावर घेऊन आले. त्या मोठ्या चमूत इसैवाणी ही एकटी बाई. गाणा गाणारे सगळे पुरुष असताना ती लहानपणापासून गात आली आणि 2020 साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचं नाव आलं. मुंबईत ‘स्वदेशी’ या चमूने 2019 साली आरेच्या जंगलाबद्दल वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत रॅप केलं. महादेव कोळी समाजातून आलेली माही जी ही रॅपर मराठीत आणि हिंदीत आदिवासींच्या जगण्याबद्दल बोलते आहे, आणि ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या नावाने मुंबईतल्या मुलींनी आपापल्या भाषा घेऊन बायकांचा रॅपचा गट केला आहे. रॅपला वाद्य लागत नाही, ताल फोनवरही वाजतो. ड्रम ठेवायला जागा नसलेल्या घरांतून मुली जर कुठून मंचावर येत असतील तर त्या बहुधा याच वाटेने येतील, असा आमचा अंदाज आहे.

मंचावर येणं सोपं आहे असं मात्र कोणी समजू नये. श्रीनगरच्या दहावीतल्या तीन मुलींनी ‘प्रगाश’ नावाचा बँड काढला. डिसेंबर 2012मध्ये त्या एका स्पर्धेत पहिल्यांदा वाजवायला उभ्या राहिल्या आणि बक्षीस घेऊन घरी गेल्या. पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्यांना इंटरनेटवरून शिव्या आणि बलात्काराच्या धमक्या आल्या, फेब्रुवारी 2013मध्ये तिथल्या मुफ्तींनी त्यांचं गाणं धर्माविरुद्ध असल्याचं जाहीर केलं आणि मुलींनी बँड बंद केला. मुख्यमंत्र्यांनी पाठिंबा दिला होता, पोलिसांनी गुन्हा नोंदवून काही जणांना पकडलंही होतं, तरी गाणं परत आलं नाही. हे काश्मीरचं, आपल्याकडे असं नाही, असं म्हणण्याची घाई आपण करू नये. गावाकडच्या वाद्यवृंदात गाणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा, लग्न ठरवताना ‘आता गाणं सोडलं आहे’ हे वाक्य तिच्या घरच्यांना किती वेळा म्हणावं लागतं.

बाहेरचं एक उदाहरण तरुण मैत्रिणी वारंवार देतात आणि ते आपल्या कामाच्या पद्धतीशी जुळणारं आहे, म्हणून सांगते. 1991 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मुलींनी ‘रायट गर्ल’ नावाने एक धडाका सुरू केला. त्या ऑगस्टमध्ये ऑलिंपियाच्या एका संगीतमेळ्यात पहिली रात्र केवळ मुलींच्या बँडना दिली गेली. ‘बिकिनी किल’ बँडची कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलांना मागे सरायला सांगे आणि मुलींना मंचापुढे बोलावी, कारण धक्काबुक्कीमुळे मुली भिंतीला चिकटून उभ्या राहत. बरोबरीने त्या हाताने लिहून, झेरॉक्स काढून छोटी मासिकं वाटत. त्यांत बँडची बातमी असे आणि घरातल्या अत्याचाराबद्दलही असे. टाचणी मारलेले अंक पिशवीत घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून घरचं वाटेल. तिथेही मुली बहुतेक गोऱ्या होत्या, आणि काळ्या मुलींनी ते बोलून दाखवलं. तमार-काली आणि तिच्या मैत्रिणींनी 1990च्या दशकाअखेर न्यूयॉर्कमध्ये आपले वेगळे कार्यक्रम घेतले. युरोपात 2017पासून ‘कीचेंज’ नावाची मोहीम चालली, तिच्यात अनेक संगीतमेळ्यांनी 2022पर्यंत मंचावर निम्म्या बायका आणू असं वचन दिलं. आपल्याकडे त्याच वर्षी न्यायालयाला सांगावं लागलं, की चारापेक्षा जास्त बायका उभ्या राहिल्या तर चालेल.

छळाबद्दल थोडं कामाचं. 2018 साली ‘मी टू’च्या वेळी संगीताच्या क्षेत्रातल्या अनेकजणी बोलल्या. बँडमधल्या मुली सांगतात ते साधारण सारखंच असतं : वाजवायला बोलवणाऱ्याचा रात्रीचा फोन, साउंडवाल्याचा ‘तुला तार कुठे लावायची कळतं का’ हा सूर, मंचासमोरचे हात, मानधनाऐवजी ‘ओळख होईल’ हे आश्वासन. बऱ्याचजणींची समजूत अशी, की आपण कोणाच्या नोकरीत नाही, तेव्हा कायदा आपल्याला लागू नाही. तसं नाही. 2013च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘पीडित स्त्री’ म्हणजे त्या कामाच्या जागी नोकरीत असलेली किंवा नसलेली कोणतीही बाई, आणि कामाच्या जागेच्या व्याख्येत करमणुकीचा व्यवसाय करणाऱ्या खाजगी जागांचा उल्लेख आहे. दहाहून कमी माणसं काम करत असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, कारण दिलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. ही स्थानिक समिती आपल्या जिल्ह्यात कुठे बसते, तिच्या अध्यक्ष कोण, फोन लागतो का, ही माहिती संघटनांनी काढून ठेवली आणि गाणाऱ्या मुलींपर्यंत पोचवली, तर तेवढ्यानेही बराच फरक पडेल. ऑर्केस्ट्रा बारच्या गायिकेलाही हाच कायदा लागू आहे. मात्र ती तक्रार घेऊन गेली तर समोरचा आधी तिच्याकडे कसा पाहतो, यासाठी तिच्यासोबत कोणीतरी जाणं अगत्याचं आहे.

संघटनांच्या कार्यक्रमांचंही बोलायला हवं. आपल्या चळवळीने गाण्यावाचून एकही मोर्चा काढलेला नाही. 1983 साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने गावोगाव नेलं ते गात गात. त्यामुळे 8 मार्चला किंवा संघटनेच्या वर्धापनदिनाला एखाद्या नव्या मुलींच्या बँडला बोलावणं अवघड जाऊ नये. मात्र बोलावताना काही गोष्टी आधी ठरवाव्यात. त्यांना मानधन द्यावं, थोडं का होईना. चहा, शाल आणि नारळ हे मानधन नव्हे. आवाजाची तपासणी करायला त्यांना तासभर लागतो, तो कार्यक्रमपत्रिकेत धरावा, भाषणं लांबली म्हणून कापू नये. आपल्याला कळत नाही असं गाणं असलं तर शेवटपर्यंत बसून ऐकावं. शक्य असेल तर कार्यक्रम दुपारी चारला ठेवावा, म्हणजे कल्याणपलीकडच्या मुलीही येतील आणि घरकाम करणाऱ्या बायाही. दुपारी रॉक कोण ऐकतं, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, वस्तीतल्या समाजमंदिरात, महापालिकेच्या शाळेच्या सभागृहात वाजवून पाहिल्याशिवाय ते कसं कळणार?

पुढच्या अंकासाठी वाचकांकडून माहिती हवी आहे. तुमच्या शहरात किंवा तालुक्याच्या गावी बायका वाजवतात असा बँड, वाद्यवृंद, रॅपचा गट, कलापथक असेल तर कळवा. नाव कोणतं, एवढ्यावर थांबू नका. त्यात ड्रम किंवा ढोलकी कोण वाजवतं, सराव कोणाच्या घरी होतो, एका कार्यक्रमाचे किती मिळतात आणि ते वाटले कसे जातात, कार्यक्रमाच्या जागी बायकांसाठी संडास आहे का आणि तो उघडा असतो का, हे लिहा. मुंबईत 2011पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली तरी मैदानावरच्या कार्यक्रमांत मंचामागे कपडे बदलायला आडोसासुद्धा नसतो, अशी तक्रार अजून येते. परवान्याच्या अटींवरून पोलिसांनी अडवलं असेल तर त्या परवान्याची प्रत पाठवा. 2022च्या निकालानंतरही कुठे ‘चारच बायका’ ही अट कागदावर किंवा तोंडी चालू असेल, तर ती आम्हाला पाहायची आहे. आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता असते, तेही अवश्य लिहा.

— संपादक मंडळासाठी